सोनईहून द्राक्षांच्या मुलखात

शिर्डीहून शिंगणापूरला निघालेली गाडी राहुरीला महामार्ग सोडते, उंबरे, ब्राह्मणी मागे टाकते आणि सोनईतून पुढे जाते. शनिवारी हा रस्ता भरून वाहतो, शनी अमावास्येला तर पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही हातांना ऊस आणि हंगामात मुळा कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. काचेतून हे सगळं दिसतं, पण ते बघायला कुणी थांबत नाही. याच रस्त्याने उलट्या दिशेने, शिर्डी-सिन्नरवरून तीन-साडेतीन तास गेलं की नाशिकला गंगापूर धरणाचा काठ लागतो. तिथे मात्र मुंबई-पुण्याची माणसं नुसतं शेत बघायला येतात, मुक्काम करतात आणि त्या शेतात जे पिकतं त्याचा घोट चाखायला पैसे मोजतात. हा फरक कसा पडला आणि त्यात शेतकऱ्याच्या वाट्याला काय आलं, हे समजून घ्यायला सोनईच्या माणसाने एकदा शनिवार-रविवार काढून तिकडे जावं, असं मला मनापासून वाटतं. वाइन पिणारा असो वा नसो.

सोनईचाच माणूस का, तर तो कारखान्याचा सभासद असतो. बारागाव नांदूरला मुळा नदी अडवून २६ टीएमसीचं धरण झालं, उजव्या कालव्याने नेवासे तालुक्यात पाणी आलं आणि जिरायत रानं उसाखाली गेली. यशवंतराव गडाखांच्या पुढाकाराने सोनईत मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या मागे जिल्ह्याची मोठी शिकवण होती. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या कारखान्याचं पहिलं गाळप १९५०-५१ च्या हंगामात झालं, तेव्हापासून इथला शेतकरी शेअरची पावती कपाटात जपून ठेवतो. वार्षिक सभेत उभा राहून भाव विचारतो. उतारा किती पडला, वजनकाटा बरोबर आहे का, पेमेंट कधी, हे प्रश्न त्याच्या जिभेवर असतात. वाइनरीतही नेमके हेच प्रश्न विचारायला हवेत, आणि तिथे ते कुणी विचारत नाही.

आसवाची गोष्ट या भागाला परकीही नाही. श्रीरामपूरजवळ टिळकनगरला महादेव डहाणूकरांनी १९३३ साली साखरेचा उद्योग काढला. त्याच कंपनीची मॅन्शन हाऊस ब्रँडी आज दक्षिण भारतात मोठ्या प्रमाणावर खपते.

नाशिककडे द्राक्ष रुजलं ते खाण्यासाठी. ओझरला रावसाहेब जयराम गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास बाग लावली, पुढे निफाड-दिंडोरीच्या काळ्या रानांत मांडव उभे राहिले. वाइनची पहिली मोठी धडपड मात्र नारायणगावची. शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे फेसाळ वाइन बनवली आणि ती परदेशात विकली. नंतर राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आले. कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना सोबत घेऊन त्यांनी १९९७ साली सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या. आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ हे नाव ठेवलं आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. त्यांची खरी दूरदृष्टी मला २००५ सालात दिसते. वाइन चाखण्याची खोली त्यांनी बागेतच उघडली. शहरातल्या माणसाला बाटली पोचवण्याऐवजी त्यालाच मळ्यात आणलं. मग यॉर्क, सोमा आणि इगतपुरीकडे कावनईला व्हॅलोने अशी एकेक ठिकाणं उभी राहिली आणि आठवड्याच्या शेवटी जायचं एक नवं गाव तयार झालं.

जायचं तर जानेवारी ते मार्च. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यात पुढच्या मालाच्या काड्या तयार होतात. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी होते, तिच्यातून घड येतात. डाऊनी आणि भुरी या रोगांपासून वाचलेला माल थंडीत गोडी धरतो. तोडणी पहाटे, गारव्यात होते, कारण उन्हाने तापलेलं द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं. पेठ-सुरगाण्याकडून आलेली आदिवासी कुटुंबं बागांमध्ये राबत असतात. आपल्याकडे कोयता घेऊन येणाऱ्या टोळ्यांसारखीच त्यांचीही वर्षाची कमाई हंगामाच्या चार-सहा महिन्यांत बांधलेली असते. वाइनरीच्या फेरफटक्यात ही माणसं दाखवत नाहीत. आपण थोडं लवकर पोचून, बांधावर उभं राहून बघावं.

आत मात्र शिकण्यासारखं पुष्कळ असतं. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आली की लगेच दाबून रस वेगळा करतात आणि थंड टाक्यांमध्ये सावकाश आंबवतात. तांबडीसाठी साल रसातच ठेवतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल करतं. मळीपासून अल्कोहोल काढतानाही हेच घडतं, फक्त तिथे पुढे ऊर्ध्वपातन असतं आणि इथे नसतं. काही वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत मुरायला ठेवतात. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. हा आकडा लक्षात ठेवला की बाटलीच्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा किती, हा हिशेब तिथल्या तिथे करता येतो.

हा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत विकता येत नाही. मणी बारीक, बीचा, साल जाड, खाणारा गिऱ्हाईक ते घेत नाही. वाइनरीने उचललं तर माल, नाही तर खत. ऊसही तसाच आहे, तोडल्यावर तो थांबू शकत नाही आणि कारखान्याच्या गेटवरच त्याचं भवितव्य ठरतं. या अडचणीतूनच नगर जिल्ह्याने गेटच शेतकऱ्यांच्या मालकीचं केलं. नाशिकला ते झालं नाही. मोठ्या वाइनरींना बरीचशी द्राक्षं करारावर मिळतात. करारात फायदाही आहे. भाव आधी ठरतो, मणी फुगवायला औषधात घड बुडवावे लागत नाहीत, विरळणीची मजुरी वाचते. पण समोरची कंपनी डगमगली की शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही.

तसं घडलंही. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि पाहता पाहता नाशिक भागात वाइनरी उगवल्या. २००८-०९ मध्ये जगभरची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी मागणी बसली. टाक्या भरलेल्या, नवा माल घ्यायला कुणी नाही. अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. नारायणगावचा तो पहिला मोठा उद्योगही त्यानंतर दिवाळखोरीत गेला. उसाला निदान कायद्याची ढाल आहे: एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, चौदा दिवसांत द्यायचा, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. हे नेहमी पाळलं जातं असं नाही, पण मागायला हक्क आहे. वाइनच्या द्राक्षाला अशी ढाल नाही.

सहकार आणि वाइन यांचं जमत नाही, असं कुणी म्हणेल तर जगाचा अनुभव वेगळा आहे. फ्रान्सच्या दक्षिणेत मारोसाँ गावच्या छोट्या बागायतदारांनी १९०१ साली एकत्र येऊन आपली वाइन विकायला सुरुवात केली. ते काम बघायला समाजवादी नेते जाँ जोरेस १९०५ साली मुद्दाम तिथे गेले होते. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात गौदीचा शिष्य सेझार मार्तिनेल याने गावोगावच्या सहकारी संस्थांसाठी विटांच्या उंच कमानींची वाइनगृहं बांधली आणि आज पर्यटक ती बघायला जातात. शेतकऱ्यांच्या मालकीची इमारत हेच तिथलं प्रेक्षणीय स्थळ आहे. आपल्याकडे पिंपळगाव बसवंतला सहकारी वाइनचा प्रयत्न झाला, तो टिकला नाही. अकलूजला साखरेच्या राजकारणातल्या मोहिते-पाटील घराण्याने इटालियन आणि दिल्लीकर भागीदार घेऊन ‘फ्रातेली’ काढली. ती गुणवत्तेत नावाजली गेली, पण तिची घडण कंपनीची आहे.

नगर जिल्ह्यातून हा विषय काढताना दारूचा प्रश्न टाळणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्यांचं हित हे कारण पुढे केलं गेलं. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या आणि निर्णय मागे पडला. ज्या बायकांनी दारूबंदीसाठी गावोगाव आडव्या बाटलीला मतदान केलं, त्यांच्या घरातलं दुःख मी ओळखतो आणि त्यांच्या विरोधाला मान देतो. पण शेतकऱ्याचं हित खरोखर बघायचं असेल तर दुकानातल्या मांडणीपेक्षा करारातली कलमं आधी बघावी लागतील, आणि त्या चर्चेत ती कुणी बघितली नाहीत.

जाताना घरातल्या एकाने न पिता गाडी चालवायची हे आधीच ठरवावं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि चाखण्याचे चार-पाच पेले ती ओलांडू शकतात. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कमीपणा नाही. वाइनरीत माहिती सांगणाऱ्या मुलांना विचारावं, द्राक्षं कुणाची, करार किती वर्षांचा, गोडी कमी भरली तर भाव किती कापता. रविवारी परतण्याआधी दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला जावं. सह्याद्री फार्म्स ही विलास शिंदे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी उभी केलेली उत्पादक कंपनी तिथे आहे. ती खाण्याची द्राक्षं परदेशी पाठवते आणि तिचे भागधारक शेतकरीच आहेत. त्या आवारात सोनईच्या सभासदाला भाव, प्रत आणि पेमेंटची आपल्या ओळखीची बोली ऐकू येईल. वाइनसाठी अशी मांडणी का होऊ नये, हे तिथल्याच शेतकऱ्यांशी बसून बोलता येईल. आणि परत आल्यावर मुळाच्या वार्षिक सभेत एक ठराव मांडता येईल: गाळप हंगामात शनिवार-रविवारी शिंगणापूरच्या वाटेवरच्या लोकांना गव्हाणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत कारखाना दाखवावा, आणि सांगायला सभासदांचीच शिकलेली मुलं-मुली असावीत.