'सेंटर' आणि 'केंद्र' : सख्खी भावंडे

दुकाने व कार्यालयांच्या पाट्यांचे मराठीकरण करताना 'सेंटर' खोडून 'केंद्र' लिहिण्याचा प्रघात आहे. परकीय शब्द जाऊन अस्सल देशी शब्द आला, असे समाधान त्यामागे असते. प्रत्यक्षात या दोन्ही शब्दांचे मूळ एकच असून ते ग्रीक आहे.

ग्रीक भाषेत 'केन्त्रॉन' म्हणजे टोचणारी वस्तू; बैल हाकण्याची पराणी. वर्तुळ काढताना कंपासचे एक टोक रुतवून स्थिर ठेवावे लागते. त्यावरून वर्तुळाच्या मध्यबिंदूलाही 'केन्त्रॉन' हेच नाव मिळाले. लॅटिनमध्ये त्याचे 'केन्त्रुम' झाले. पुढे फ्रेंचमध्ये आरंभीच्या 'क'चा 'स' झाला आणि 14व्या शतकात हा शब्द इंग्रजीत 'सेंटर' म्हणून रुळला. 'एक्सेंट्रिक' हाही त्याच कुळातला. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीवर नाही, अशा ग्रहकक्षेसाठी खगोलशास्त्रज्ञ तो वापरीत. विक्षिप्त माणसाला तो नंतर चिकटला.

भारतात हा शब्द आला तो ज्योतिषाच्या वाटेने. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ग्रीक फलज्योतिष संस्कृतात उतरले. स्फुजिध्वजाचे 'यवनजातक' हा त्याचा ठळक पुरावा. ग्रीक ज्योतिषी कुंडलीतील पहिल्या, चौथ्या, सातव्या व दहाव्या स्थानांना 'केन्त्रॉन'चे अनेकवचन वापरीत. संस्कृतात त्यांचीच 'केंद्रस्थाने' झाली. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त हा शब्द आढळतो आणि 'गुरू केंद्रात आहे' असे ज्योतिषी आजही सांगतात. पंचांगातील 'होरा' आणि इंग्रजीतील 'अवर' यांचेही नाते असेच. दोहोंचे मूळ ग्रीक 'होरा'. ही उसनवारी वराहमिहिराने लपविली नाही. यवन म्लेंच्छ असले तरी या शास्त्रातील अधिकारामुळे ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असे त्याने 'बृहत्संहिते'त नमूद केले आहे.

विशेष म्हणजे, इंग्रजीने गमावलेला मूळचा 'क' संस्कृतने व पर्यायाने मराठीने जपला. त्यामुळे उच्चाराने 'केंद्र' हा 'सेंटर'पेक्षा ग्रीक मुळाला अधिक जवळचा आहे. पाटीवर 'केंद्र' अवश्य लिहावे. मात्र ते रक्ताने शुद्ध आहे म्हणून नव्हे, तर दीड हजार वर्षांच्या वापराने आपले झाले आहे म्हणून.