नळीतून जाणारे जेवण

सेरेब्रल पाल्सीसारख्या विकारात काही मुलांना घास चावता येत नाही, काहींना नीट गिळताही येत नाही. गिळताना अन्न श्वासनलिकेत शिरले तर फुप्फुसांना संसर्ग होतो. अशा वेळी शस्त्रक्रियेने पोटावर लहानसे छिद्र करून थेट जठरात नळी बसवतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. तेव्हा असे मूल उद्या आपल्याही वर्गात येऊ शकते. त्याच्या जेवणामागचे विज्ञान आपल्याला ठाऊक असायला हवे.

नळीतून देण्यासाठी डबाबंद आहार मिळतो, पण तो रोजचा खर्च सगळ्यांना परवडत नाही. म्हणून अनेक घरांत वरणभात, भाजी, दूध असे नेहमीचे जेवण मिक्सरमधून काढून, बारीक गाळणीने गाळून सिरिंजने देतात. इथे पहिली अडचण येते ती भौतिकशास्त्राची.

या नळ्यांची जाडी 'फ्रेंच' या एककात मोजतात. १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. १४ फ्रेंच नळीचा बाहेरचा व्यास सुमारे ४.७ मिलिमीटर भरतो, आतली पोकळी त्याहूनही लहान. बारीक नळ्यांतल्या प्रवाहाचा नियम प्वाझय या फ्रेंच संशोधकाने १८४० च्या सुमारास मांडला. पोकळीचा व्यास निम्मा केला की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. द्रव जितका दाट, तितका प्रवाह आणखी मंद.

मग घरचे लोक काय करतात? पाणी घालतात. आता हा हिशेब पाहा. २५० मिलिलिटर दाट मिश्रणात २५० कॅलरी आहेत असे धरू. त्यात तेवढेच पाणी घातले की ५०० मिलिलिटर पातळ मिश्रण झाले. मुलाच्या जठरात एका वेळी २५० मिलिलिटरच मावते. म्हणजे त्याला मिळाल्या १२५ कॅलरी. दिवसातून चार वेळा दिले तर १००० ऐवजी ५००. पोट भरलेले दिसते, पण मूल उपाशीच राहते आणि वजन घटू लागते.

मिश्रण दाट का होते? तांदूळ, नाचणी, गहू यांतले पिष्ट शिजताना पाणी शोषून फुगते. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि खळ तयार होते. या साखळ्या तुटल्या तर पाणी न वाढवताही मिश्रण पातळ होईल. आपण जेवतो तेव्हा लाळेतले अमायलेज हे विकर तोंडातच हे काम सुरू करते. नळीतले अन्न तोंडाला वळसा घालून जाते. दातांचे काम मिक्सर करतो, लाळेचे काम कोण करणार?

मोड आलेले धान्य! रुजताना बी स्वतःचे पिष्ट वापरण्यासाठी अमायलेज तयार करते. लहान बाळांची दाट पेज याच मार्गाने पातळ करण्यावर १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी काम केले. मोड आणून, उन्हात वाळवून दळलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ त्याला पुरते.

हा प्रयोग वर्गात करून पाहा. दोन वाट्या पाण्यात पाव वाटी तांदळाचे पीठ शिजवा आणि तीन भांड्यांत वाटून घ्या. बोट जेमतेम क्षणभर टेकवता येईल इतके निवू द्या. पहिल्यात एक लहान चमचा मोडाचे पीठ, दुसऱ्यात तेवढेच साधे नाचणीचे पीठ आणि तिसऱ्यात पाण्यात उकळून घेतलेले मोडाचे पीठ घालून ढवळा. दहाएक मिनिटांत पहिले भांडे पातळ होईल, बाकीची दोन होणार नाहीत. उकळल्याने विकर निकामी होते, हे तिसरे भांडे सांगते. म्हणूनच हे पीठ जास्त भाजूनही चालत नाही.

स्वयंपाकघरात मात्र एक पायरी जास्त हवी. कच्च्या पिठातून जंतू येऊ शकतात. म्हणून मिश्रण पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी आणायची. विकराचे काम तोवर झालेले असते. कॅलरी वाढवायला चमचाभर तेल उपयोगी पडते, त्यातून सुमारे ४० कॅलरी मिळतात. तयार मिश्रण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उरलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवावे. प्रत्येक जेवणानंतर नळीतून स्वच्छ पाणी सोडावे, नाहीतर ती तुंबते.

काही मर्यादाही आहेत. नाकातून घातलेल्या बारीक नळीतून असे जेवण सहसा जात नाही. नळी जठराऐवजी आतड्यात सोडलेली असेल तर ते देऊ नये. कोणते पदार्थ आणि किती, हे मुलाचे डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांनीच ठरवायचे, आणि कोणताही बदल हळूहळू करायचा.

आपल्या हाती एक सोपी गोष्ट आहे. दर महिन्याला मुलाचे वजन करून वहीत लिहा. आकडा वाढत नसेल तर पालकांना विचारा, मिश्रणात पाणी किती घालता? आणि ती वही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवा.