गाडीवर चार्ज होणारी बॅटरी विकताय? मग गिऱ्हाईकाला एवढं सांगाच



इलेक्ट्रिकलचं, मोबाईल ॲक्सेसरीजचं किंवा शेती साहित्याचं छोटं दुकान टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. भोकर, हिमायतनगर, किनवट या आपल्या पट्ट्यात अशा दुकानात बारा महिने खपणारा माल म्हणजे बॅटरी. आपल्याकडं टॉर्चला कुणी टॉर्च म्हणत नाही. हातातली बॅटरी, डोक्याची बॅटरी, लांब फोकसची बॅटरी, अशीच मागणी येते. कारण सरळ आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते, पाळी रात्रीची असली की रात्री रानात जावंच लागतं. पाण्याच्या दांडात साप असतो, पिकात रानडुक्कर असतं, आणि जागल करायची तर उजेड पाहिजेच.

आता हा माणूस बॅटरी चार्ज कुठं करतो? घरी केली तर ठीकच. पण बऱ्याच आखाड्यांवर घरगुती लाईट नसते. मग ट्रॅक्टर, मोटारसायकल, पिकअप, जे असेल त्यावर. हार्वेस्टरवाले, ऊसतोडीच्या ट्रकवाले, कापसाचे टेम्पोवाले तर महिना महिना गाडीतच राहतात. त्यामुळं तुमच्या काउंटरवर "गाडीवर चार्ज होते का?" हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. बहुतेक दुकानदार "होते की" म्हणतात आणि पैसे घेतात. मला हे पटत नाही. कसं चार्ज करायचं हे न सांगता ही वस्तू विकणं म्हणजे अर्धाच धंदा, आणि तो अर्धा अंगावर येऊ शकतो. कायद्यानंसुद्धा, ते पुढं सांगतो.

आधी आत काय चालतं ते बघू. हल्लीच्या बऱ्याच बॅटऱ्यांत १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. हा सेल ३.७ व्होल्टचा म्हणतात, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला जातो. तिथं चार्जिंग थांबलंच पाहिजे. त्याच्या वर रेटलं की आत वायू तयार होतो, सेल तापतो, आणि एका हद्दीनंतर बाहेरचा करंट बंद केला तरी तो स्वतःच तापत जातो. वर ॲल्युमिनियमची बंद नळी. वायूला जायला वाट नाही, मग ती नळी फुटते. मोबाईल फुगतो ते डोळ्यांना दिसतं, बॅटरीच्या नळीत काय फुगलंय ते दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला गाडी. १२ व्होल्टची गाडी म्हणतो आपण, पण इंजिन चालू असताना तिथं साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतात. मोठे ट्रक २४ व्होल्टचे. म्हणजे ४.२ च्या सेलसमोर तिप्पट किंवा सहापट ताकद उभी आहे. मध्ये दोन राखणदार असतात. एक, गाडीच्या सॉकेटमधला ॲडॉप्टर, जो ५ व्होल्ट करतो. दुसरा, बॅटरीच्या आतलं छोटं सर्किट, जे ५ चं ४.२ करून वेळेवर थांबवतं. दोन्ही नीट असतील तर घाबरायचं काहीच कारण नाही.

गडबड होते ती गोल पिनवाल्या बॅटऱ्यांत. हे नीट वाचा, कारण खेड्यात सगळ्यात जास्त खपणारा स्वस्त माल हाच. डोक्याच्या अनेक बॅटऱ्यांना यूएसबी नसतं, छोटी गोल पिन असते, आणि सोबत एक भिंतीत लावायचा चार्जर येतो. यातल्या कित्येकांच्या आत थांबवणारं सर्किटच नसतं! थांबवायचं काम त्या सोबतच्या चार्जरवर सोडलेलं असतं. आता तो चार्जर हरवतो. घरात वायफायच्या डब्याचा नाहीतर सेटटॉप बॉक्सचा चार्जर पडलेला असतो, १२ व्होल्टचा, आणि त्याची पिन कधी कधी बरोबर बसते. किंवा कुणीतरी मिस्त्री ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन वायरी काढून गोल पिन जोडून देतो. लाल दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. पण तिथं एकही राखणदार उरलेला नाही, सेलवर थेट गाडीचा करंट चाललाय. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही, हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये फळ्यावर लिहितो.

म्हणून माझा सल्ला: गाडीवर चार्ज करणाऱ्या गिऱ्हाईकाला गोल पिनची बॅटरी विकूच नका. टाइप-सी किंवा मायक्रो यूएसबीची दाखवा. थोडी महाग पडेल, पण का महाग आहे हे तुम्हाला दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. विक्री तिथंच होते.

आता ॲडॉप्टर. रस्त्यावर ढिगानं मिळणारे ॲडॉप्टर आणि नावाच्या कंपनीचा ॲडॉप्टर दिसायला सारखेच. फरक बिघडल्यावर कळतो. साध्या सर्किटमधला मुख्य भाग शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट सरळ पुढं जातात. चार्जिंगसाठी स्वस्त बॅटऱ्यांत टीपी४०५६ नावाची जी चिप सर्रास दिसते, ती जास्तीत जास्त ८ व्होल्ट सोसते. पुढचं तुम्हीच जोडा. ट्रकवाला असेल तर ॲडॉप्टरवर "१२ ते २४ व्होल्ट" छापलंय का ते दाखवून द्या. मोटारसायकलला यूएसबी सॉकेट बसवून देत असाल तर गाडीच्या बॅटरीजवळच दोन अँपिअरचा फ्यूज टाका आणि पावसाळ्यासाठी रबरी झाकणवालाच सॉकेट घ्या. फ्यूज उडाला म्हणून तिथं तार गुंडाळणारा मिस्त्री असेल तर त्याला काम देऊ नका.

एक छोटं यंत्र प्रत्येकानं घ्या: यूएसबी मीटर. काही शे रुपयांचं असतं. ॲडॉप्टर आणि केबलच्या मध्ये लावलं की व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. व्होल्ट पावणेपाच ते सव्वापाचच्या मध्ये पाहिजेत. बॅटरी पूर्ण भरली की अँपिअर उतरत उतरत शून्याजवळ आले पाहिजेत. रात्रभर लावूनही करंट खेचतच राहिली, तर तो नमुना डिस्ट्रिब्युटरला परत. नवीन मॉडेल घ्यायच्या आधी एक पीस आणून अशी तपासणी स्वतः करा, नजरेसमोर ठेवून. हेच मीटर काउंटरवर गिऱ्हाईकासमोर लावून दाखवलं की वेगळी जाहिरात लागत नाही.

सेलवर छापलेल्या आकड्याला मात्र भुलू नका. १८६५० वर ९९०० एमएएच लिहिलेलं असतं. चांगल्या कंपन्यांचे या मापाचे सेल साधारण २००० ते ३५०० च्या आसपास असतात. एवढं खोटं छापणाऱ्यानं आतलं सर्किट खरं टाकलं असेल का?

वापरायची पद्धत सांगताना वेळेचा हिशोबही सांगा. २००० एमएएचचा सेल अर्ध्या अँपिअरनं भरायला साडेचार-पाच तास लागतात. भोकरहून नांदेडला जायच्या तासाभरात तो पाव भरेल, फार तर थोडा जास्त. म्हणून लोक चार्जिंगला लावून, गाडी उन्हात उभी करून बाजारात जातात. नेमकं हेच करायचं नाही. लिथियम सेल चार्ज करायची हद्द साधारण ४५ अंशांपर्यंत असते. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२ होतात, मग काचा बंद केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर काय होत असेल? काही गाड्यांत किल्ली काढली तरी सॉकेट चालूच राहतो, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. थोडं थोडं चार्ज केल्यानं लिथियम सेल खराब होत नाही. त्यामुळं आज तासभर, उद्या तासभर असं चाललं तरी हरकत नाही.

मी गिऱ्हाईकाला पिशवीत एक मराठी चिठ्ठी घालून देतो. मजकूर असा: "इंजिन चालू झाल्यावर पिन लावा, गाडी बंद करण्याआधी काढा. उन्हात, सीटखाली, कपड्यांत ठेवून चार्ज करू नका. चार्जिंगवर असताना बॅटरी लावू नका. हाताला धरवणार नाही एवढी तापली, वास आला, पाण्यात पडली किंवा जोरात आपटली तर पुन्हा चार्ज करू नका, दुकानात आणा. धूर निघाला तर गाडी बाजूला घेऊन सगळे खाली उतरा, हातात धरू नका, लांबून भरपूर पाणी मारा आणि ११२ ला फोन करा." छपाईचा खर्च चहापेक्षा कमी.

ही चिठ्ठी नुसती सेवा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये कलम ८६ आहे, विक्रेत्याच्या जबाबदारीचं. वस्तू बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर नुकसानीची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. आणि बनवणाऱ्यानं दिलेल्या धोक्याच्या सूचना तुम्ही गिऱ्हाईकापर्यंत पोचवल्या नाहीत, त्यातून इजा झाली, तरीही. बिननावाचा, बिनबिलाचा माल घेणाऱ्या मित्रांनी हे दोनदा वाचावं. खरेदीचं जीएसटी बिल जपून ठेवा. विक्रीच्या बिलावर मॉडेल लिहा. लिथियम सेलला आयएस १६०४६ हे मानक लागू आहे आणि त्याची बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. पाकिटावर किंवा सेलवर 'आर' अक्षरानं सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघा. नंबर दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर माल घेऊ नका, भाव कितीही पडता असो.

राहिला तुमच्या दुकानातला साठा. पत्र्याच्या शेडमध्ये, वरच्या फळीवर, उन्हाळाभर पडलेल्या बॅटऱ्या हळूहळू पार उतरतात. सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला की आतून खराब व्हायला लागतो, आणि तो पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. म्हणून खालच्या, थंड फळीवर ठेवा, दर तीन महिन्यांनी निम्म्यापर्यंत चार्ज करा, जुना माल आधी काढा. गिऱ्हाईकानं परत आणलेले खराब सेल भंगारवाल्याला देऊ नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात दुकानाबाहेरच्या बाजूला ठेवा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे वापरलेले सेल परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकावर आणि आयातदारावर आहे. त्यामुळं ऑर्डर देतानाच डिस्ट्रिब्युटरला विचारा, खराब सेल कधी आणि कसे उचलणार.