सोडलेले अस्त्र आणि आवरता येणारे अस्त्र

जानेवारी महिना लागला म्हणजे दिल्लीच्या संचलनाची वर्दी आमच्या घरी सर्वांआधी मुलांकडून येते. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात लगतची दोन बिऱ्हाडे मिळून आमचे अकरा माणसांचे कुटुंब नांदते, आणि २६ तारखेस सकाळी ही अकराही माणसे एकाच दूरदर्शनसंचासमोर बसतात. यंदा धाकट्या बंधूंचा नातू संचलनापूर्वीच एक कोष्टक आखून मजकडे आला. एका बाजूस क्षेपणास्त्रे, दुसऱ्या बाजूस ड्रोन. रकाने चार : वेग, पल्ला, वजन आणि स्फोटकाचा भार. "आजोबा, यांत श्रेष्ठ कोण तेवढे सांगा," असे त्याचे म्हणणे. ज्याने उभी हयात संस्कृत शिकविण्यात घालविली त्यास हा प्रश्न विचारणे म्हणजे वैद्याकडे छत्री दुरुस्तीस देणे होय. परंतु मुलास रिकामे परत पाठविणे शिक्षकाच्या धर्मात बसत नाही. म्हणून चार दिवस वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

हा विषय आम्हां विक्रोळीकरांस दूरचा नाही. येथील गोदरेजच्या कारखान्यात १९५१ साली देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक लोखंडी मतपेट्या तयार झाल्या, हे जुन्या मंडळींस ठाऊक असेल. त्याच आवारात २००१ सालापासून ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या अंगाचे धातूचे भाग घडविले जातात. माझा एक जुना विद्यार्थी तेथे यंत्रावर काम करतो. कामाविषयी काही विचारले की तो लगेच पावसापाण्याच्या गोष्टी काढतो. आणि हा त्याचा गुण मला त्याच्या शाळेतील गुणांपेक्षा थोर वाटतो. पश्चिमेस टेकडीपलीकडे पवईची आय.आय.टी.; तेथे शिकलेल्या तरुणांनी २००७ साली ड्रोन बनविण्याची 'आयडियाफोर्ज' ही कंपनी काढली. पूर्वेस ऐरोलीचा पूल ओलांडून गेले की नवी मुंबईत, महापे येथे, तिचे ठाणे आहे. 'थ्री इडियट्स' या २००९ च्या चित्रपटात खिडकीबाहेर तरंगणारे जे यंत्र मुलांनी पाहिले, ते याच कंपनीचे. म्हणजे नातवाच्या कोष्टकातील दोन्ही बाजू आमच्या गच्चीवरून हात लांबवून दाखविता येतील.

आता ब्राह्मोसचा विचार करू. भारत व रशिया यांच्यात १९९८ च्या फेब्रुवारीत करार झाला. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांच्या नावांतून हे नाव सिद्ध झाले. आणि १२ जून २००१ रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावरील चांदीपूर येथून पहिली चाचणी झाली. जमिनीवरून सुटणाऱ्या ब्राह्मोसचे वजन सुमारे तीन हजार किलो, स्फोटकाचा भार दोनशे ते तीनशे किलो, आणि वेग ध्वनीच्या जवळजवळ पावणेतीन पट. आकडे सांगून हा वेग मनात ठसत नाही. धीम्या लोकलने विक्रोळीहून बोरीबंदर गाठावयास जेथे पाऊण तास मोडतो, तेथे हे अस्त्र पंचवीस सेकंदांच्या आत पोहोचेल. सुरुवातीस त्याचा पल्ला २९० किलोमीटर एवढाच ठेवला होता; कारण तंत्रनियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार तीनशे किलोमीटरपलीकडील क्षेपणास्त्राचे तंत्र सभासद राष्ट्रास बाहेरच्यांना देता येत नव्हते. २०१६ साली भारत त्या मंडळात दाखल झाला व ती मर्यादा पुढे वाढली.

दुसऱ्या बाजूस मी नातवाला नागपूरचे 'नागास्त्र' मांडावयास सांगितले. एका माणसाने पाठीवर वाहून न्यावे एवढे त्याचे बिऱ्हाड. ते विजेच्या मोटारीवर उडते, अर्धा तास आकाशात घिरट्या घालते, आणि सुमारे एक किलो स्फोटक घेऊन लक्ष्यावर झेप घेते. २०२४ च्या जूनमध्ये १२० नगांची पहिली खेप भूसेनेस मिळाली. ब्राह्मोसपुढे हे म्हणजे गजराजापुढे चिमणी! नातवाने चारही रकान्यांत ब्राह्मोसपुढे बरोबरची खूण केली आणि निकाल लागला असे समजून तो उठू लागला. मी त्यास पुन्हा बसविले. नागास्त्राची एक गोष्ट त्याच्या चारही रकान्यांत मावत नव्हती. लक्ष्य नाहीसे झाले, किंवा तेथे भलतीच माणसे दिसली, तर हे अस्त्र चालविणारा माणूस त्यास परत बोलावू शकतो. ते हवाई छत्री उघडून खाली उतरते आणि पुन्हा वापरता येते.

येथे मला अग्निपुराणातील धनुर्वेदाचा भाग आठवला. तेथे आयुधांचे वर्ग सांगितले आहेत : यंत्राने सोडावयाचे ते यंत्रमुक्त, हाताने फेकावयाचे ते पाणिमुक्त, हातातून न सुटणारे खड्गासारखे ते अमुक्त, आणि सोडूनही पुन्हा आवरता येणारे ते मुक्तसंधारित. बाहुयुद्ध हा पाचवा प्रकार. आमच्या पूर्वजांपाशी क्षेपणास्त्रे होती, असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तसे बोलणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण त्यांनी वर्ग पाडताना आकार वा वेग धरला नाही. आयुध आणि माणसाचा हात यांचा संबंध कोठे तुटतो, हे धरले. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही तेच अस्त्र सोडतात. नारद व व्यास मध्ये उभे राहिल्यावर अर्जुन आपले अस्त्र परत घेतो; अश्वत्थाम्यास सोडण्याची विद्या येते, आवरण्याची येत नाही.

ही केवळ पुराणातील वांगी नव्हेत. ९ मार्च २०२२ रोजी आपल्या बाजूने एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात सुमारे सव्वाशे किलोमीटर आत, मियाँ चन्नू या गावाजवळ, जाऊन पडले. त्यात स्फोटक नव्हते व मनुष्यहानी झाली नाही. दोन दिवसांनी आपल्या सरकारने जाहीरपणे खेद व्यक्त केला, आणि ऑगस्टमध्ये वायुसेनेच्या तीन अधिकाऱ्यांस नोकरीतून काढण्यात आले. दोन्ही देशांपाशी अण्वस्त्रे असता ती काही मिनिटे कशी गेली असतील, याची कल्पना वाचकांनी करावी. मार्ग बदलण्याची सोय काही क्षेपणास्त्रांत असते. घरी परत आणण्याची नसते.

नातू हुशार आहे. तो म्हणाला, "मग ड्रोनच चांगले!" त्यावर त्यास इराणच्या 'शाहेद'ची माहिती दिली. वजन दोनशे किलो, वेग तासास १८० किलोमीटरच्या आसपास, आवाज मोटारसायकलीसारखा. रशियाने युक्रेनच्या शहरांवर यांचे थवेच्या थवे सोडले. लोक त्यास ड्रोन म्हणतात. पण पुष्कळदा ते आधी दिलेल्या ठिकाणाकडे आंधळेपणाने जाते व तेथे आदळते. खरे पाहता हे एक सावकाश उडणारे, स्वस्त क्षेपणास्त्रच होय. एकाची किंमत वीस ते पन्नास हजार डॉलर सांगतात. ते पाडण्यास अमेरिकन 'पॅट्रियट' वापरले तर एका बाणास तीस-चाळीस लाख डॉलर पडतात. गृहिणींना हा हिशेब समजाविण्याची गरज नाही. आमच्या सूनबाई शेजारी भाजी निवडीत होत्या, त्या म्हणाल्या, "झुरळ मारायला चांदीची चप्पल!"

मे २०२५ मधील संघर्षात हेच दिसून आले. ८ मेच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन आल्याचे सरकारने सांगितले. आपल्या संरक्षणाची चाचपणी करणे, हाही त्यामागचा एक उद्देश असावा, असे त्याच निवेदनात होते. त्यांस पाडण्यात नव्या क्षेपणास्त्रांबरोबर एल-७० ही ४० मिलिमीटरची जुनी तोफही उपयोगी पडली. तिची जात आमच्या पिढीएवढी जुनी. नवे डोळे बसविल्यावर ती पुन्हा कामास आली, याचे मला व्यक्तिशः समाधान वाटले. रेडिओलहरींत अडथळा आणून पुष्कळ ड्रोन आंधळे करता येतात. म्हणून युक्रेनच्या रणांगणावर आता पतंगाच्या मांजाप्रमाणे काचतंतूची बारीक दोरी सोडीत जाणारे ड्रोन निघाले आहेत.

संचलनात यांतले फारसे काही दिसत नाही. २०२५ साली 'प्रलय' प्रथमच कर्तव्यपथावरून गेले. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला बीजिंगमध्ये चीननेही आपली लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आणि मानवरहित याने मिरविली. प्रेक्षकांस दिसतात ती गाडीवरील नळकांडी. शेवटच्या क्षणी थांबविणारा कोणी आहे की नाही, हे त्यांवर रंगविलेले नसते.

नातवाने कोष्टकात पाचवा रकाना आखला : 'परत बोलावता येते काय?' ब्राह्मोसपुढे 'नाही' आणि नागास्त्रापुढे 'होय' लिहिले. शाहेदच्या पुढे पेन्सिल बराच वेळ अडली. मग त्याने ते नावच ड्रोनच्या बाजूचे खोडून क्षेपणास्त्रांच्या बाजूस नेले. वर्गशिक्षक हे चूक धरतील, अशी त्यास धास्ती आहे. तसे झाल्यास मी शाळेत येईन, असे मी त्यास सांगितले आहे.