फिटर आणि वायरमनच्या हद्दीवर

जुन्या डिझेल इंडिकाचं रडगाणं बहुधा दुहेरी असतं. गाडीखाली तेल ठिबकतं आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मधूनच पेटतो. मालक तेलासाठी फिटरकडे जातो, दिव्यासाठी वायरमनकडे. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून असली तरी धंदे वेगळे. फिटर वायरिंगमध्ये पडत नाही, वायरमन इंजिन खोलत नाही. इंडिकाचे चिवट दोष मात्र नेमके या दोघांच्या हद्दीवर असतात.

ही गाडी मूळची पुण्याची. निस्साननं ऑस्ट्रेलियात बंद केलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री टाटांनी सुटी करून जहाजानं आणली आणि पिंपरी-चिंचवडला पुन्हा उभी केली. डिसेंबर १९९८मध्ये इंडिका बाजारात आली. बाहेरून झेनएवढी, आतून अ‍ॅम्बॅसॅडरसारखी ऐसपैस आणि डिझेलवर चालणारी, हे रतन टाटांचं गणित लोकांना पटलं. टॅक्सीवाल्यांना तर फारच पटलं. २०१८मध्ये उत्पादन थांबलं, पण तालुक्याच्या गावी आजही ती भाड्यानं फिरताना दिसते.

इंजिनाचं नाव ४७५. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर, एकूण १४०५ सीसी. मूळ मॉडेलमध्ये टर्बो नाही, कॉम्प्युटरही नाही. एकदा सुरू झालं की डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडला नुसते बारा व्होल्ट मिळत राहिले तरी ते चालत राहतं.

आता हद्दीचा मामला. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. तिच्यामागे निर्वात पोकळी तयार होते आणि ब्रेकच्या बूस्टरला तीच पुरते. अशा जुन्या डिझेलला ती झडपच नाही, त्यामुळे पोकळी मुद्दाम तयार करावी लागते. त्यासाठी अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. दोन्ही एकाच शाफ्टवर फिरतात. पंपाला वंगण लागतं, म्हणून इंजिनातून एका बारीक नळीनं तेल येतं आणि जाड होजमधून परत चेंबरमध्ये जातं. थोडक्यात, वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या पाठीवर सतत तेल खेळतं आणि दोघांच्या मध्ये असतं एक ऑइल सील.

हे सील झिजलं की तेल अल्टरनेटरमध्ये उतरतं. तिथं कार्बन असतात, फिरत्या कड्यांना टेकून त्यांना करंट देणारे. कार्बनची पूड आणि तेल मिळून काळा राप बनतो, कार्बन खाचेत अडकतात, चार्जिंग तुटतं. खोललेला अल्टरनेटर हातात घेतला की गोष्ट लगेच कळते. कोरडा असायला हवा तो आतून ओला, आणि कार्बन बोटानं दाबला तर स्प्रिंगवर उसळी न घेता तिथंच चिकटून बसतो. वायरमननं नवे कार्बन घातले तर दिवा विझतो, पण सील तेच राहिलं तर दुखणं परत येतं. पंपही झिजला असेल तर ब्रेक दगडासारखा लागतो, आणि मग गाडी तिसऱ्याच कारागिराकडे जाते.

ऑइल प्रेशरच्या स्विचचंही तेच. इंजिनात आटे लावून बसवलेला हा अंगठ्याएवढा भाग आतला पडदा फाटला की वायर जोडायच्या टोकातूनच तेल ओकतो. तेल खालच्या भागावर ओघळतं आणि आळ पॅकिंगवर येतो.

म्हणून चांगला मिस्त्री पाना उचलण्याआधी इंजिन धुऊन कोरडं करतो. तेल खाली ओघळतं, पळत्या गाडीच्या वाऱ्यानं मागे जातं. थेंब पडतो तिथं त्याचं मूळ क्वचितच असतं. मूळ शोधायचं ते सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या ओल्या जागी. काही जण अंगाला लावायची पावडर इंजिनावर भुरभुरतात आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवतात. पांढऱ्यावर तेलाची वाट उमटते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असेल तर बोल्ट आणखी आवळायचा मोह होतो, पण त्यानं झाकण वाकतं आणि गळती वाढते.

एकाच वेळी बऱ्याच जागा ओल्या दिसल्या, तर सील बदलण्याआधी बॅक कॉम्प्रेशन बघावं लागतं. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवायचं. ते उडायला लागलं, तर आतली हवा सोडणारा ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. ते न पाहता नवं सील घातलं तर तेही फार टिकत नाही.

विजेच्या बाजूला मूळ बऱ्याचदा अर्थिंगमध्ये असतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. दोघांना जोडते ती विणलेल्या तांब्याची एक पट्टी. तेल, धूळ आणि गंजानं तिचं टोक खराब झालं की सेल्फ मारताना लागणारा भरमसाट करंट आडवाटेनं परततो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. केबल तापते, सेल्फ ढिला फिरतो आणि दोष बॅटरीला लागतो. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर नवी बॅटरी घेण्याआधी पट्टी आणि तिची टोकं घासून बघावीत. लाल दिव्याचा बल्बही सोडू नये. बऱ्याच अल्टरनेटरांना सुरुवातीचा करंट त्यातूनच मिळतो. बल्ब गेला की दिवा पेटत नाही आणि चार्जिंगही सुरू होत नाही. मालकाला मात्र सगळं ठीक वाटतं.

यातले बहुतेक सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत स्वस्तात मिळतात. महाग असतो तो शोधाचा वेळ, आणि गॅरेजच्या बिलात त्याला रकाना नसतो. सील अमुक, कार्बन तमुक, मजुरी इतकी. धुणं, बघणं, वाट पाहणं फुकटात जातं. म्हणून घाईचा मिस्त्री भाग बदलतो आणि जाणता मिस्त्री तोट्यात राहतो. जुनी गाडी ठेवायची तर फिटर आणि वायरमन यांना एकाच बॉनेटखाली एकाच वेळी बोलावावं आणि तपासणीचे पैसे वेगळे, आधीच ठरवून द्यावेत. दोन वेळा बदललेल्या अल्टरनेटरपेक्षा ते स्वस्तच पडतं.