गल्ला मोठा की गर्दी?

कोणता चित्रपट अधिक चालला, असा वाद निघाला की आपण चटकन गल्ल्याचा आकडा पुढे करतो. पण असे पाहा : प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, तेव्हा तिकीट आण्यांत मिळे. २०१६ च्या ‘सैराट’ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला तो रुपयांच्या शेकड्यातल्या तिकिटांवर. मग हे दोन आकडे एका तागडीत कसे घालायचे?

बरे, आठवडे मोजावेत, तर तेही माप फसवेच. ‘तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रलमध्ये ५७ आठवडे चालला. त्या काळी प्रती थोड्या, चित्रगृहे मोजकी. म्हणून मुक्काम लांबे. ‘सैराट’ एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर लागला. प्रेक्षक थोड्या आठवड्यांतच येऊन गेले.

तेव्हा गल्ल्याला त्या काळच्या तिकीटदराने भागावे. रुपयाच्या तिकिटाचे एक लाख आणि शंभराच्या तिकिटाचे एक कोटी, दोन्हीकडे माणसे लाखच! शिवाय तेव्हाची लोकवस्तीही ध्यानात घ्यावी.

जुने चित्रपट किरकोळ चालले, असे कोणी म्हणालेच, तर आधी त्याला तिकिटाचा दर विचारा.