कंबरदुखी : समज आणि गैरसमज

वाकून घागर उचलताना कंबरेत उसण भरली, की घरोघरी सल्ले सुरू होतात. कुणी पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायला सांगतो, कुणी पंधरा दिवस अंथरूण धरायला. यांतले बरेच सल्ले चुकीचे असतात.

‘पूर्ण विश्रांतीच हवी’ : १९८६ साली अमेरिकेत काही रुग्णांना दोन, तर काहींना सात दिवस विश्रांती सांगण्यात आली. सात दिवसांचा जास्त फायदा झाला नाही. उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी झाले. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात. झेपेल तेवढे हिंडावे-फिरावे.

‘मणक्यात गॅप आली’ : दोन मणक्यांमध्ये चकती असते, म्हणून एक्स-रेत फट सर्वांच्याच दिसते. वयाबरोबर चकती झिजते. १९९४ साली कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी चकती फुगलेली आढळली. रिपोर्ट वाचूनच धास्ती घेऊ नये.

‘फळीवरच झोपावे’ : स्पेनमधील २००३ च्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली.

बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पायातली शक्ती कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. अशा वेळी मालिश करीत दिवस घालवल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.